पाणी गोड लागते, पण चांगले आहे का?

(इयत्ता पाचवी ते सातवीच्या मुलामुलींसाठी. मोठ्यांनी वाचले तरी हरकत नाही.)



पाण्याविषयी आपल्या गावात आणि वाड्यावस्त्यांवर चार गोष्टी नेहमी ऐकू येतात. पहिली, "आमच्या विहिरीचं पाणी गोडं आहे, म्हणजे चांगलंच." दुसरी, "काचेसारखं नितळ दिसतंय, मग त्यात काय असणार?" तिसरी, "बोअरचं पाणी खोलातलं, त्यात जंतू नसतात." आणि चौथी, "उकळलं की झालं!"

मी या चारही गोष्टी लहानपणापासून ऐकत आलो आहे. तुम्हीही ऐकल्या असतील. त्यांतली प्रत्येक गोष्ट थोडी थोडी खरी आहे, आणि म्हणूनच ती फसवते. पाण्यात दोष अनेक प्रकारचे असतात. एका दोषाचा उपाय दुसऱ्या दोषाला चालत नाही. म्हणून आधी दोष कोणता ते ओळखायचे आणि मग उपाय करायचा. आजचा आपला धडा एवढाच आहे. तो नीट समजून घेऊ.

पाणी जमिनीखाली राहते कसे?

आपला सगळा मुलूख काळ्या पाषाणाचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून तप्त लाव्हारस बाहेर आला, पसरला आणि थिजला. असे थरावर थर बसत गेले. राजगड, तोरणा यांच्या कड्यांवर पायऱ्यांसारखे आडवे पट्टे दिसतात ना? तेच हे थर. या खडकाचे शास्त्रीय नाव बेसाल्ट.

अखंड काळा पाषाण पाणी पीत नाही. पाट्यावर पाणी ओतून पाहा, ते घरंगळून जाते. मग विहिरीला पाणी लागते कुठून? ते तीन जागी साठते. वरच्या मुरमात, पाषाणाला पडलेल्या फटींत आणि बारीक भोके असलेल्या ठिसूळ थरात. या ठिसूळ थराला विहीर खणणारे लोक 'मांजऱ्या' म्हणतात. पावसाळ्यात डोंगरावर आणि शेतात पडलेले पाणी मुरते, या वाटांनी हळूहळू उताराकडे येते आणि विहिरीत झरा होऊन फुटते. शिवगंगेच्या काठाने असलेल्या विहिरी पावसाळा संपता संपता भरलेल्या असतात आणि चैत्र-वैशाखात तळ गाठतात, त्याचे कारण हेच.

यातून दोन गोष्टी ध्यानात घ्या.

एक, खडकातून येताना पाणी त्यातले कॅल्शियम, मॅग्नेशियम असे क्षार विरघळवून बरोबर आणते. त्यामुळे पावसाचे पाणी हलके असते आणि विहिरीचे पाणी कमीअधिक जड असते. पाणी जितके दिवस खडकात राहील, तितके क्षार जास्त घेते.

दोन, वाळूतून पाणी झिरपले तर ते बरेचसे गाळले जाते. फटीतून ते गाळले जात नाही, सरळ वाहते. वरच्या मोरीचे, गोठ्याचे किंवा शोषखड्ड्याचे पाणी एखाद्या फटीला मिळाले, तर ते थोड्याच वेळात विहिरीत उतरते. बोअरलाही असेच होते. बोअरमध्ये लोखंडी किंवा प्लास्टिकचा केसिंग पाइप घालतात, तो बहुधा वरच्या मुरमापुरता असतो. पाइपाच्या भोवतालची पोकळी सिमेंटने बंद केली नसेल, तर वरची घाण पाइपाच्या कडेने खाली घसरते. म्हणून 'खोल म्हणजे निर्मळ' हे म्हणणे बरोबर नाही. तिसरी गोष्ट इथेच निकालात निघाली.

चव कशी फसवते?

आता पहिली गोष्ट घेऊ. १८५४ साली ऑगस्ट महिन्याच्या अखेरीस लंडन शहराच्या सोहो भागात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, भयंकर साथ आली. दहा दिवसांत पाचशेवर माणसे दगावली. त्या काळी लोकांना वाटे की पटकी घाणेरड्या हवेने होते. जॉन स्नो नावाच्या डॉक्टरांना ते पटले नाही. त्यांनी घरोघर जाऊन मृत्यूंची नोंद केली. बहुतेक मृत्यू ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका सार्वजनिक पंपाच्या आसपास झालेले दिसले.

पण एक मृत्यू अगदी दूरच्या हॅम्पस्टेड भागात झाला होता. तिथे एक विधवा बाई राहत असे. ती पूर्वी ब्रॉड स्ट्रीटजवळ राहिली होती. तिला त्या पंपाचे पाणी इतके आवडायचे की ती रोज गाडीवरून बाटली भरून मागवत असे. तिच्या घराजवळ दुसरे पाणी नव्हते असे नाही. केवळ चवीसाठी तिने ते मागवले आणि ती दगावली.

स्नो यांच्या सांगण्यावरून ८ सप्टेंबर १८५४ रोजी पंपाचा दांडा काढून टाकण्यात आला. पुढे खणून पाहिले तेव्हा विहिरीपासून हातभर अंतरावर एक मैल्याचा खड्डा निघाला. त्याच्या विटा ढासळल्या होत्या. एका आजारी बाळाची दुपटी धुतलेले पाणी त्या खड्ड्यात गेले होते. पाणी मात्र नितळ होते आणि गोड लागत होते.

पटकीच्या, विषमज्वराच्या, काविळीच्या रोगबीजांना चव नसते. ती डोळ्यांनी दिसत नाहीत. जिभेला कळतात ते क्षार. मीठ जास्त झाले की पाणी मचूळ किंवा खारट लागते. म्हणजे जीभ फार तर क्षारांची पारख करील, जंतूंची करू शकणार नाही.

ही गोष्ट फार जुनी आणि परदेशातली म्हणून सोडून देऊ नका. २०२५ सालच्या जानेवारीत पुणे शहराच्या सिंहगड रस्ता भागात, नांदेड, किरकटवाडी, धायरी या बाजूला, जीबीएस नावाच्या आजाराचे रुग्ण एकदम वाढले. या आजारात हातापायांतली शक्ती जाते. पुणे परिसरात मिळून दोनशेच्या वर संशयित रुग्णांची नोंद झाली. काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर नावाचे जंतू सापडले. हे जंतू दूषित पाण्यातून आणि कच्च्या-अर्धकच्च्या अन्नातून पोटात जातात. पाणी उकळून पिण्याच्या सूचना घरोघरी गेल्या. ही गावे आपल्यापासून दूर नाहीत, डोंगराच्या पलीकडेच आहेत.

नितळपणा कसा फसवतो?

दुसरी गोष्ट. बांगलादेशात पूर्वी लोक तळ्याचे गढूळ पाणी पीत आणि हगवणीने मुले मरत. म्हणून १९७० नंतर तिथे लाखो कूपनलिका खोदल्या गेल्या. पाणी नितळ, थंड आणि जंतूंचा त्रास कमी. सगळे खूश झाले. पण काही वर्षांनी लोकांच्या तळहातांवर, तळपायांवर खरखरीत गाठी आणि अंगावर काळे डाग दिसू लागले. १९९३ साली तिथे पाण्यात आर्सेनिक म्हणजे सोमल असल्याचे निश्चित झाले. तो कोणी टाकला नव्हता. तो तिथल्या नदीच्या गाळातच होता आणि पाण्यात विरघळत होता. मग एकेक पंप तपासून चांगल्या पंपाला हिरवा आणि वाईट पंपाला लाल रंग देण्यात आला.

आपला खडक वेगळा, म्हणून आपले दोषही वेगळे. पण आपल्या महाराष्ट्रातही जागोजागी पाण्याची तऱ्हा वेगळी आहे. अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यात 'खारपाणपट्टा' आहे, तिथे विहिरीचे पाणी खारट लागते. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड जिल्ह्यांतल्या काही गावांत पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. तिथे मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे येतात आणि पुढे हाडेही दुखू लागतात. फ्लोराइडला रंग नाही, वास नाही. पाणी ताकदीने काचेसारखे दिसते आणि दात सांगतात की काहीतरी बिघडले आहे.

पारख करण्याची पहिली पायरी: विहिरीभोवती फेरी

पाणी बाटलीत भरण्याआधी विहिरीकडे पाहा. मोठ्या माणसाला बरोबर घेऊन जा, काठावरून वाकू नका. वहीत पुढील प्रश्नांची उत्तरे लिहा.

१. विहिरीला कठडा आहे का? पावसाचे वाहते पाणी आत शिरते का?
२. बोअर असेल तर भोवती सिमेंटचा ओटा आहे का? तो तडकला आहे का? सांडलेले पाणी तिथेच साचते का?
३. संडासाचा खड्डा किती अंतरावर आहे? पावलांनी मोजा. निदान १५ मीटर, म्हणजे सुमारे पन्नास फूट अंतर हवे. खडक फटींचा असेल तर त्याहून जास्त बरे.
४. उकिरडा आणि गोठा विहिरीच्या वरच्या अंगाला आहेत की खालच्या? उताराकडे लक्ष द्या. वरच्या अंगाचा उकिरडा लांब असला तरी वाईट.
५. शेजारच्या शेतात युरिया टाकतात का? औषध फवारण्याचा पंप कुठे धुतात?
६. कपडे धुणे, जनावरे धुणे विहिरीच्या काठावरच चालते का?
७. पावसाळ्याच्या पहिल्या जोरदार सरीनंतर पाणी गढूळ होते का? होत असेल तर वरचे पाणी न गाळता आत येते असे समजा.

या सात प्रश्नांना एक पैसाही लागत नाही, पण निम्मी परीक्षा इथेच होते. आपल्या राज्यात आरोग्य विभागातर्फे पाण्याच्या स्रोतांची अशीच पाहणी वर्षातून दोनदा होते आणि ग्रामपंचायतीला हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड मिळते. आपल्या गावाला कोणते कार्ड आहे ते ग्रामपंचायतीत विचारा. विचारायला लाजू नका, तो आपला हक्क आहे.

दुसरी पायरी: घरच्या घरी परीक्षा

या परीक्षा करताना पाण्याची चव घ्यायची नाही. नुसते पाहायचे, हुंगायचे आणि लिहायचे.

*निवळण्याची परीक्षा.* काचेच्या स्वच्छ बाटलीत पाणी भरून रात्रभर हलवू नका. सकाळी तळाशी माती दिसली तर गाळ आहे. काढताना नितळ असलेले पाणी रात्रीत तांबूस झाले, तर त्यात लोह आहे. बोअरच्या पाण्यात असे कधी कधी होते. अशा पाण्याचा कोरा चहा काळपट होतो, कपड्यांवर तांबडे डाग पडतात.

*वासाची परीक्षा.* बाटली अर्धी भरा, बूच लावा, जोराने हलवा आणि उघडून लगेच हुंगा. कुजक्या अंड्यासारखा वास आला तर आत काहीतरी सडते आहे किंवा गंधकाचा वायू आहे. रॉकेलसारखा किंवा औषधासारखा वास आला तर ते पाणी वापरणे थांबवून मोठ्यांना सांगा.

*साबणाची परीक्षा.* दोन सारख्या बाटल्या घ्या. एकीत पावसाचे साठवलेले पाणी, दुसरीत विहिरीचे तेवढेच पाणी. दोन्हींत साध्या साबणाच्या पाण्याचे दहा दहा थेंब टाका आणि सारखेच हलवा. पावसाच्या पाण्याला भरपूर फेस येईल. विहिरीच्या पाण्यात पांढरा साका होऊन फेस कमी आला, तर पाणी जड. इथे कपड्यांची पावडर वापरू नका, तिला जड पाण्यातही फेस येतो आणि परीक्षा फसते.

*आटवण्याची परीक्षा.* स्टीलच्या स्वच्छ ताटलीत दोन चमचे पाणी घेऊन उन्हात आटू द्या. शेजारी पावसाचे तेवढेच पाणी ठेवा. पांढरे कडे जितके दाट, तितके क्षार जास्त.

*चुलीची परीक्षा.* ही आईला विचारा. तूरडाळ शिजायला फार वेळ लागतो का? पाणी तापवण्याच्या भांड्यात पांढरे कवच धरते का? दोन्हींचे उत्तर 'होय' असेल तर पाणी जड आहे. जड पाण्यातले कॅल्शियम डाळीच्या सालीला आणि दाण्याला धरून ठेवते, म्हणून ती लवकर मऊ होत नाही.

आता नीट ऐका. या पाच परीक्षांनी गाळ, लोह, वास, जडपणा आणि क्षार कळले. जंतू कळले नाहीत. नायट्रेट आणि फ्लोराइडही कळले नाहीत. म्हणजे पाचही परीक्षांत पाणी पास झाले तरी ते पिण्याजोगे ठरले असे नाही.

एका विक्रेत्याची करामत

आमच्या दारी एकदा पाण्याचे यंत्र विकणारा एक तरुण आला. त्याने एक पेनाएवढा मीटर पाण्यात बुडवला आणि मोठा आकडा दाखवला. मग दोन ग्लास घेतले, एकात यंत्रातले पाणी आणि एकात आमचे. दोन्हींत विजेच्या सळया सोडल्या. आमचे पाणी बघता बघता हिरवट, मग काळपट-तांबडे झाले. यंत्राचे पाणी तसेच राहिले. "बघा मावशी, काय पिताय तुम्ही!" असे तो म्हणाला. घरातली मंडळी घाबरली.

मी त्याला म्हणालो, "आता यंत्राच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाका आणि पुन्हा सळया सोडा." तो हसला आणि सामान आवरू लागला. असे का बरे? क्षार असलेल्या पाण्यातून वीज जाते. वीज गेली की सळईचे लोखंड झिजून पाण्यात उतरते. ग्लासात दिसली ती घाण सळईची होती, विहिरीची नव्हती! क्षार नसलेल्या पाण्यातून वीज फारशी जात नाही म्हणून ते स्वच्छ राहिले.

त्या मीटरचा आकडा खोटा नसतो. पण तो फक्त विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. जंतूंबद्दल तो एक शब्दही बोलत नाही. पटकीचे जंतू असलेल्या पाण्यातही तो छान लहान आकडा दाखवील. काही गावांत यंत्राची खरी गरज असते, हे फ्लोराइडच्या गोष्टीवरून तुम्हाला कळलेच असेल. पण पाणी आधी तपासून घ्यावे, मग हजारो रुपये खर्च करावेत.

तिसरी पायरी: जंतूंची बाटली आणि प्रयोगशाळा

जंतू डोळ्यांना दिसत नाहीत, तर खेड्यात ते ओळखायचे कसे? या प्रश्नाचे सोपे उत्तर भारतातच सापडले. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतील मांजा, मौर्य आणि राव या शास्त्रज्ञांनी १९८२ साली एक साधी बाटली जगापुढे मांडली. तिच्यात औषध लावलेला कागद असतो. खुणेपर्यंत पाणी भरून झाकण लावायचे आणि उबदार जागी एक-दोन दिवस ठेवायचे. पाणी काळे पडले तर मैल्याचा संसर्ग असण्याचा संभव मोठा. काळी पडलेली बाटली मुलांनी उघडायची नाही. ती आशाताई किंवा आरोग्यसेवक यांच्याकडे द्यायची.

जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना पाणी तपासणीच्या पेटीचे शिक्षण देण्याची योजना आहे. त्या पेटीत रंग बदलणारी औषधे असतात, त्यांवरून जडपणा, क्लोराइड, फ्लोराइड, नायट्रेट, लोह यांचा अंदाज येतो. शंका आली तर नमुना प्रयोगशाळेत पाठवतात. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांत ही तपासणी होते. जंतूंच्या तपासणीसाठी निर्जंतुक बाटलीच लागते. लोणच्याची धुतलेली बरणी चालत नाही. नमुना थंड ठेवून चोवीस तासांच्या आत पोचवावा. जंतूंची तपासणी वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, आणि क्षारांची तपासणी निदान एकदा व्हावी असा नियम आहे.

प्रयोगशाळेचा कागद आला की तो वाचता आला पाहिजे. भारतीय मानक १०५०० (सन २०१२) यातील काही आकडे फळ्यावर लिहून ठेवा. पहिला आकडा योग्य पाण्याचा. दुसरा आकडा, जवळ दुसरे पाणीच नसेल तर चालवून घेण्याचा. हे आकडे एका लिटरमधील मिलिग्रॅमचे आहेत.

विरघळलेले एकूण क्षार: ५००, फार तर २०००
जडपणा: २००, फार तर ६००
क्लोराइड: २५०, फार तर १०००
फ्लोराइड: १, फार तर १.५
नायट्रेट: ४५, सूट नाही
मैल्यातील ई. कोलाय जंतू: १०० मिलिलिटरमध्ये एकही नको, सूट नाही

काय दिसते? जडपणाला मानक तिप्पट सूट देते. नायट्रेटला आणि जंतूंना मुळीच देत नाही. आपण घरात उलटे करतो. डाळ शिजली नाही तर तक्रार करतो, आणि ज्याला चव नाही त्याची चौकशीच करत नाही.

"उकळलं की झालं" का?

आता चौथी गोष्ट. माझ्या आजीच्या पोटरीवर एक खोल व्रण होता. तो नारूचा. पूर्वी पायविहिरींत लोक पायऱ्या उतरून पाण्यात पाय घालत. रोग्याच्या फोडातून नारूची पिल्ले पाण्यात सुटत, ती सायक्लॉप्स नावाच्या बारीक किड्याच्या पोटात जात आणि ते पाणी प्यायले की माणसाच्या शरीरात हातभर लांब जंत वाढे. वर्षभराने तो पायातून बाहेर पडू लागे. आजी सांगायची की तो काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढावा लागे, तुटला तर पाय सुजून माणूस महिनोन्‌महिने जायबंदी. या रोगावर लस निघाली नाही, खास औषधही निघाले नाही. तरी तो भारतातून गेला. १९९६ साली शेवटचा रोगी सापडला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे मान्य केले. कशाने गेला? पाणी दुहेरी फडक्याने गाळल्याने, पायविहिरी बंद करून हातपंप बसवल्याने आणि पाण्यात औषध टाकून किडे मारल्याने. दोष ओळखला होता, म्हणून फडके पुरले.

पण तेच फडके पटकीच्या जंतूंना पुरत नाही, ते फारच सूक्ष्म. त्यांना उकळणे हवे. खळखळून उकळी फुटली की निदान एक मिनिट तशीच ठेवायची, मग झाकून निववायचे आणि ओगराळ्याने काढायचे. हात बुडवला की सगळी मेहनत वाया.

आणि उकळणेही सगळीकडे पुरत नाही. नायट्रेट हे शेणखत, युरिया आणि संडासाच्या खड्ड्यांतून पाण्यात येते. उकळल्याने पाण्याची वाफ होते, नायट्रेट मागेच राहते. म्हणजे तितक्याच नायट्रेटला पाणी कमी! ते उलट दाट होते. १९४५ साली अमेरिकेतील आयोवा राज्यात हंटर कॉमली या डॉक्टरांनी दाखवून दिले की विहिरीच्या अशा पाण्यात दूध कालवून पाजलेली तान्ही बाळे निळी पडतात. त्यांच्या रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळांना याचा धोका सर्वांत जास्त. आईच्या दुधावर असलेल्या बाळाला वरचे पाणी लागतच नाही, हा त्यावरचा पहिला उपाय. आणि विहिरीत नायट्रेट जास्त निघाले तर बाळासाठी दुसरीकडचे पाणी, हा दुसरा.

तेव्हा असे पाठ करा: गाळ आणि किडे, फडके. जंतू, उकळी किंवा टीसीएल. नायट्रेट आणि फ्लोराइड, पाणीच बदला किंवा योग्य यंत्र. जडपणा, फारसे भिऊ नका.

टीसीएलचे गणित

विहिरीत टीसीएल पावडर टाकण्याचे काम गावातील जलसुरक्षक करतात. मुलांनी पावडरीला हात लावायचा नाही, पण हिशेब मात्र करायचा. गोल विहिरीतील पाणी काढण्याची रीत अशी: व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली गुणिले ०.७८५. मापे मीटरमध्ये घेतली की उत्तर घनमीटरमध्ये येते, आणि एक घनमीटर म्हणजे एक हजार लिटर.

समजा व्यास ४ मीटर आणि पाणी ३ मीटर. ४ × ४ × ३ × ०.७८५ = ३७.६८ घनमीटर, म्हणजे ३७,६८० लिटर. हजार लिटरला साधारण ५ ग्रॅम चांगली पावडर लागते. ३७.६८ × ५ = १८८.४, म्हणजे सुमारे १९० ग्रॅम. टाकल्यानंतर निदान अर्धा तास पाणी काढू नये. पावडर जुनी, ओलसर झाली असेल तर तिची शक्ती गेलेली असते. म्हणून शेवटच्या नळाच्या पाण्यात ओ.टी. औषधाचे थेंब टाकून पाहतात. पिवळा रंग आला तर क्लोरीन तिथवर पोचला. रंग आला नाही तर कागदावर टीसीएल टाकले असले तरी पाण्यात ते नाही!

कोणते पाणी कशाला?

सगळे पाणी एकाच मोलाने वापरू नका. तपासलेले, निर्जंतुक केलेले पाणी पिण्याला, स्वयंपाकाला, भाजी व ताटल्या शेवटच्या विसळायला आणि दात घासायला. जड किंवा लोहाचे, पण संसर्ग नसलेले पाणी आंघोळीला, धुण्याला आणि फरशीला. पिण्याला नापास झालेले पाणी झाडांना आणि संडासात टाकायला चालते. एका घराला पिण्यास व स्वयंपाकास लागणारे पाणी दोनचार घागरीच असते. तेवढेच जपायचे आहे, मग ते अवघड वाटत नाही.

स्वाध्याय

१. तुमच्या घरी पिण्याचे पाणी कुठून येते? त्या विहिरीभोवती मोठ्यांबरोबर फेरी मारून सात प्रश्नांची उत्तरे वहीत लिहा. तारीख घाला.
२. निवळण्याची आणि साबणाची परीक्षा शनिवारी शाळेत करून दाखवा.
३. व्यास ६ मीटर, पाण्याची खोली २ मीटर. विहिरीत किती लिटर पाणी? टीसीएल किती ग्रॅम?
४. आपल्या स्रोताची शेवटची तपासणी कधी झाली आणि कागदावर काय लिहिले होते, हे ग्रामपंचायतीत नम्रपणे विचारा व उत्तर येथे, या भित्तिपत्रकाखाली, चिकटवा.
५. घरातील लहान बाळाला वरचे पाणी देतात का? देत असतील तर नायट्रेटचा उतारा आईला आणि आजीला वाचून दाखवा. हा प्रश्न आज संध्याकाळीच सोडवायचा आहे.